वझूरकरांचं दुसरं पारडं

मोबाइलवर कॅरम खेळण्याआधी अंगठ्याला बोरिक पावडर लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. मधुकर वझूरकर. शर्टाच्या खिशात पावडरीची एक चपटी डबी असायची. ती उघडायची, उजवा अंगठा आत टेकवायचा, हलकी फुंकर मारायची आणि मगच तडा गेलेल्या काचेच्या त्या मोबाइलला हात लावायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, "काका, काचेवर पावडर कशाला?" मान वर न करता म्हणाले, "बोर्ड खोटा असला तरी हात खराय ना, जगतापसाहेब."

शहरातल्या गारखेड्यात आमची चार मजल्यांची इमारत. ते तळमजल्यावर, मी तिसऱ्या मजल्यावर. ते पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मी पाण्याच्या टाक्या विकतो. ज्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तिथं एकाच इमारतीत पाटबंधारे खात्याचा कारकून आणि टाकीवाला राहत असले, तर लोक दोघांकडंही जरा तिरकंच बघतात.

माझं सांगायचं तर मी फुलंब्रीकडच्या खेड्यातून एका पिशवीनिशी आलो. आधी दुसऱ्याच्या दुकानात टाक्या ढकलल्या, मग स्वतःच्या ढकलल्या. पावसानं दगा दिला की माझा धंदा फुलतो, हे बोलायला बरं वाटत नाही, पण तसं आहे. भाव करण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही आणि माझं डोकं लवकर तापतं. या दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवतो, पुढं लागणार आहेत.

वझूरकरांचा शौक फुकटाचा होता, आणि तो फुकटाचाच राहावा यासाठी ते फार मेहनत घेत. त्या खेळात नाणी लागतात. पैसे भरले की मिळतात, नाहीतर जाहिराती बघितल्या की मिळतात. लोक जाहिरात लावून मोबाइल पालथा ठेवतात. वझूरकर चष्मा पुसून ती अख्खी बघत. "ही खेळाची फी आहे. फी बुडवू नये," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं घरात मूल नसताना लहान मुलांच्या डायपरबद्दल, हातभर जमीन नसताना ट्रॅक्टरच्या टायरबद्दल आणि डोक्यावर चार केस नसताना केशतेलाबद्दल त्यांना सगळी माहिती. एकदा त्यांनी माझ्या बायकोला जिन्यात गाठून कुठला डायपर गळत नाही ते इतक्या तळमळीनं सांगितलं, की वर येऊन ती मला म्हणाली, "अहो, वझूरकरकाकांना नातू कधी झाला?"

त्या खेळात लोकांचे स्ट्रायकर सोन्याचे असतात, त्यातून ज्वाळा निघतात. वझूरकरांचा चार वर्षं तोच साधा पांढरा. मी चिडवलं की म्हणत, "मारणार मी की स्ट्रायकर?"

नेटसुद्धा त्यांचं स्वतःचं नव्हतं. पहिल्या मजल्यावर शेख मॅडम राहतात, शाळेत शिकवतात. पाण्याच्या दिवशी नेमक्या त्या शाळेत. मग व्हॉल्व्ह उघडणं, मोटार लावणं, टाकी भरली की बंद करणं हे सगळं वझूरकर करत. त्या बदल्यात मॅडमनी आपल्या वायफायचा पासवर्ड दिलेला. "काका, तुम्ही पाणी बघा, नेट तुमचंच समजा." त्या वायफायचा जोर तळमजल्याच्या बाहेरच्या पायरीपर्यंत पोचे. म्हणून रोज संध्याकाळी साडेपाचला वझूरकर त्या पायरीवर. एक डाव, फार तर दोन. सहाला उठून आत. पाव्हणे आले असोत, पाणी आलेलं असो, साडेपाच म्हणजे साडेपाच.

त्यांचं एक पालुपद होतं. कुणी कशाचंही कौतुक केलं की विचारायचे, "अन् दुसऱ्या पारड्यात?" कुणी म्हणालं, बिडकीनला जमीन स्वस्त आहे. "अन् दुसऱ्या पारड्यात? दवाखाना किती लांब?" कुणी म्हणालं, सिडकोत रस्ते रुंद. "अन् दुसऱ्या पारड्यात? शेजारी ओळखीचा आहे का?" शहर चहूकडं वाढत होतं, रोज कुणीतरी प्लॉट घेऊन पेढे वाटत होतं, आणि वझूरकर पेढा तोंडात टाकून दुसरं पारडं मागत होते. पेढ्याला मात्र दुसरं पारडं विचारत नसत.

मला त्यांचा तळमजला हवा होता. रस्त्याला लागून होता, भिंत पाडून शटर बसवलं की दुकान तयार. पण असं सांगून कुणी घर देत नाही. मी बायकोचे गुडघे पुढं केले. "काका, सुमनला तीन जिने चढवत नाहीत. माझं शहराबाहेर शेंद्र्याच्या पुढं नवं रो-हाऊस आहे. तुम्ही ते घ्या, मला हे द्या. स्वतःची बोअर, चोवीस तास पाणी, समोर अंगण. वर नवी कोरी टाकी माझ्याकडून."

दोन वर्षं मी त्यांच्या मागं होतो. ते हसून टाळत. मग एका उन्हाळ्यात पाणी दहाव्या दिवसावर गेलं, टँकरमागं धावताना त्यांची पाठ धरली. मी लगेच खाली जाऊन बसलो. धंद्यात वेळ ओळखता आली पाहिजे.

"वहिनींच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे म्हणता," ते म्हणाले, "तर विचार करायला पाहिजे. अन् दुसऱ्या पारड्यात?"

"काहीच नाही काका. सगळं एकाच पारड्यात."

"असं नसतं हो." थोडा वेळ त्यांनी डबीची नुसती उघडझाप केली. "रेंज येते का तिथं?"

अख्ख्या सौद्यात त्यांनी विचारलेला हा एकच प्रश्न. त्या रो-हाऊसवर मी तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा फोन करायला हमरस्त्यापर्यंत चालत आलो होतो. पण समोरचा तयार झालेला असताना जीभ थांबत नाही. मी म्हणालो, "फुल्ल! छपरावर टॉवर असल्यासारखी."

सौदा झाला. पुढच्या महिन्यात ते शेंद्र्याला गेले, मी भिंत पाडली, शटर बसवलं. सुमन अजून तिसऱ्याच मजल्यावर आहे. पहिल्या दिवशी दुकानात नारळ फोडल्यावर ती म्हणाली, "माझे गुडघे विकून दुकान घेतलं तुम्ही." आणि जिना चढायला लागली. प्रत्येक पायरीवर मुद्दाम थांबत होती, मला दिसावं म्हणून.

आता माझी तक्रार ऐका, कारण तेव्हा मला ती फार मोठी वाटत होती. घर देऊन तीन आठवडे झाले नाहीत, तोच वझूरकर संध्याकाळी पायरीवर हजर. माझ्या दुकानाच्या पायरीवर! दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. शेंद्र्याहून बस, पुढं रिक्षा, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी पावडरीची डबी. मी विचारलं, "काका, इकडं कसं?" तर म्हणाले, "सवय हो." शेख मॅडमनी पासवर्ड बदललेला नव्हता.

गिऱ्हाइकं टाकी बघायची सोडून त्यांच्याकडं बघायची. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "म्हाताऱ्याला काढलं व्हय शेठ घराबाहेर?" मला वाटलं, हा माणूस रोज येऊन मला गल्लीत बदनाम करतोय. सौदा पटला नसेल तर तोंडानं सांगावं. असं पायरीवर बसून कसलं उपोषण करायचं?

एका संध्याकाळी टाक्यांचा टेम्पो आला. उतरवायला जागा पाहिजे, आणि हे मधोमध बसलेले. माझ्याकडं टाकी घ्यायला आलेली एक बाई हळहळून म्हणाली, "बाबा, घर सोडायचं लई जीवावर आलं असंल, नाय?" झालं. माझं डोकं फिरलं.

"वझूरकर, घर दिलं ना तुम्ही? मग पायरी काय मागं ठेवली का स्वतःसाठी?"

त्यांनी डावा हात वर केला. "दोन मिनिटं. राणी घेतलीय, कव्हर करायचीय."

मी त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला, बाजूचं बटण दाबून पडदा काळा केला आणि मोबाइल त्यांच्या खिशात कोंबला. सगळ्यांसमोर.

वझूरकर उठले. अंगठ्याची पावडर विजारीला पुसली, घड्याळात बघितलं. "डाव अर्धा राहिला," एवढंच म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग रस्ता ओलांडून रिक्षाच्या दिशेनं गेले. डबी पायरीवरच राहिली.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. मला मोकळं वाटायला हवं होतं. चौथ्या दिवशी शेख मॅडम दुकानात आल्या. "भाई, काकांना काय बोललात तुम्ही?"

"माझ्या दुकानासमोर बसत होते, उठवलं. त्यात काय?"

"साडेपाचला त्यांचे भाऊ येतात ना खेळायला."

"कुठला भाऊ? मी तर कधी बघितला नाही."

"मोबाइलवर हो. सेलूला असतात. त्यांनाच विचारा जाऊन. मी सांगितलं म्हणून नका सांगू."

डबी परत द्यायची हे निमित्त काढून मी गाडी शेंद्र्याकडं घेतली. पोचलो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. दाराला कडी नव्हती. हाक मारली, तर वरून आवाज आला. वझूरकर गच्चीवर, मी दिलेल्या टाकीला पाठ टेकून उभे. मोबाइल धरलेला हात शहराच्या दिशेनं वर केलेला. अंगठा पांढरा. डबी नव्हती म्हणून भिंतीचा चुना लावला होता.

"या, जगतापसाहेब. इथं एक काडी येते. वारा असला तर दोन."

मी डबी पुढं केली. माफी मागायला आलो होतो, पण त्याची सवय नाही, म्हणून दुसरंच बोललो. "हमरस्त्यावर येते की रेंज. तिथं टपरीवर बसायचं."

"नेटचं पॅक मारून बसून पाहिलं. सोंगटी मारायच्या वेळीच जाते. दोनदा डाव तुटला. आणि त्या दिवशी तुमच्या पायरीवरचा तिसरा." ते खाली बसले, मीही बसलो. "सेलूचं वडिलांचं घर मी विकायला लावलं, जगतापसाहेब. दादाला नको होतं. मी म्हणालो, पैसे येतील, शहरात फ्लॅट होईल. झाला. तेव्हापासून दादा बोलत नाही. आईच्या तेराव्यालाही समोरासमोर बसलो अन् बोललो नाही. मग चार वर्षांखाली या खेळात एक आमंत्रण आलं. नाव त्याचं. त्याच्या सुनेनं मोबाइल शिकवला म्हणतात. मी डाव घेतला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा. लहानपणी शाळेतून आलो की ह्याच वेळेला खेळायचो आम्ही."

"मग फोन नाही करत?"

"बोलणं बंद आहे ना." मला एवढंही समजू नये याचं त्यांना नवल वाटलं. "बोलणं बंद आहे, खेळणं नाही. तो जिंकला की अंगठा दाखवतो, तेवढं चित्र आहे त्यात. मी हरत आलो की लहानपणी बोर्ड उधळून उठायचो. आता तीन डाव अर्धे राहिले. त्याला वाटलं असणार, मध्या अजून तसाच आहे."

"आज आले का ते?"

"नाही. त्या दिवसापासून नाही."

मी एकदम म्हणालो, "गाडी खाली आहे. आत्ता सेलूला जाऊ. मी सांगतो त्यांना, चूक माझी होती म्हणून."

ते घाबरलेच. "छे! तिथं गेलं तर बोलावं लागेल."

मग मी घर परत देतो म्हणालो. शटर काढतो, भिंत बांधतो. आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा मोडायला निघालो होतो, तेही माझ्या फायद्याचा. वझूरकरांनी मान हलवली. "सेलूला ज्यानं घर घेतलं, त्याच्याकडं मीही गेलो होतो परत मागायला. भिंती त्याच होत्या. दादा मात्र पुण्याच्या पोराकडं निघून गेलेला, सहा महिने परतलाच नाही." मग म्हणाले, "तुम्हाला रेंजचं विचारलं तेव्हा खरं सांगायचं होतं. मी तरीही आलो असतो बहुतेक. पण पहिलं त्याला कळवलं असतं."

"कसं कळवलं असतं? बोलणं तर बंद."

आम्ही दोघं त्या टाकीच्या सावलीत बसून राहिलो. टाकी काठोकाठ भरलेली होती.

आता माझा टेम्पो रोज दुपारी शेंद्र्याकडं टाक्या पोचवायला जातो आणि येताना वझूरकरांना घेऊन येतो. त्यांना पायरीवर नका बसू म्हणालो, दुकानात आत पंख्याखाली खुर्ची ठेवली. ते म्हणाले, आत नेट कमी लागतं. म्हणून खुर्ची पुन्हा पायरीवर. पानवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं, की म्हातारा माझ्या बोलावण्यावरून येतो. त्यानं विश्वास ठेवला नाही. सुमन साडेपाचला चहा घेऊन तीन जिने उतरते, त्यांच्या हातात देते आणि माझ्याकडं न बघता चढून जाते.

साडेपाचला ते डबी उघडतात, अंगठा टेकवतात, फुंकर मारतात. सेलूला आमंत्रण पाठवतात. पडद्यावर एक चाक फिरत राहतं. पाच मिनिटांनी ते आपोआप थांबतं. मग वझूरकर चष्मा पुसतात आणि एक जाहिरात शेवटपर्यंत बघतात.

मी एकदा विचारलं, "काका, डाव तर झाला नाही. मग फी कशाला?"

"तो आला अन् माझ्याकडं नाणी नसली, तर?"

त्या अर्ध्या तासात मी दुकानात भाव करत नाही. गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो म्हणतो. हे आता गल्लीत माहीत झालं आहे, बरोबर साडेपाचला गर्दी होते, आणि माझं नुकसान होतं. होऊ दे. माझं लक्ष पायरीकडं असतं, त्या फिरणाऱ्या चाकाकडं.

सहाला ते उठतात. अंगठा विजारीला पुसतात, डबीचं झाकण दोनदा दाबून बघतात.

"येतो, जगतापसाहेब. आज त्याला काही काम असेल."