टोरंटो ते रोहणा, कटती धरून

आमच्या रोहण्यात कुठल्याही गावाचं अंतर विचारा, गुलाबकाका ते विमानाच्या हिशेबानं सांगायचे. "आर्वी? विमानानं एक मिनिट." विचारणारा बिचारा एसटीची वाट पाहत तासभर उभा असायचा. स्वतः काका आयुष्यात विमानात बसले नव्हते.

ते आर्वीच्या कापूस बाजारात मापारी होते. वजनकाटा सुटला, पण मोजायची खोड काही सुटली नाही. लेक लता लग्न होऊन टोरंटोला गेली आणि यांना नवं काम मिळालं. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे शाळेचा पृथ्वीचा गोल शाळेपेक्षा यांच्याच ओसरीवर जास्त. त्यावर शिवणाचा दोरा ताणून काका मुंबई ते टोरंटो मोजत. दोरा पार उत्तरेकडून जाई. "दुनिया गोल हाये मास्तर, वरतून जवळ पडते." हे बरोबर होतं, आणि मला बी.एड.ला कोणी सांगितलं नव्हतं!

अंतर निघालं साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेनं चौदा तास. मग कापसाच्या वजनात ओलाव्याची कपात धरतात तशी कटती सुरू व्हायची. लंडनचा थांबा तीन तास, चढण्या-उतरण्याचा एक. झाले अठरा. पुढे मुंबईहून पुलगाव रेल्वेनं चौदा तास आणि तिथून आमची नॅरोगेजची छोटी आगगाडी. "साडेबारा हजाराले अठरा तास, अन् या वीस किलोमीटरले दीड," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघायचे, की जणू गाडी मीच हाकतो.

"काका, तिकीट काढता का मग?" मी चिडवायचो.

"मले कुठी जायाचं हाये? यायाचं तं तिले हाये."

काकू गेल्या तेव्हा लता तिसऱ्या दिवशी पोचली. आमच्याकडे माणूस उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटत नाही, म्हणून दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं होतं. लेकीला आईचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून काका या प्रवासातला एकेक तास कमी करून बघत.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"किती बी खटपट करा मास्तर, दीड-दोन दिवस लागतेच. मी गेलो तं मले संध्याकाळच्या आत उचलजा. गल्लीतल्या लेकराईले उपाशी ठेवू नोका."

"आणि लताला तार?"

"तार नोका करू. पत्र टाकजा."

"काका, पत्राला पंधरा दिवस लागतात."

"लागू द्या. मायच्या वक्ती पोरगी अठरा तास विमानात एकटी रडत आली. डोक्यावर हात ठेवाले कोणी नव्हतं. पत्र आलं तं घरीच रडन, नवरा-लेकरं जवळ राहतीन."

मी हो म्हणालो.