बाळूच्या नावाचा रस्ता

मोकलांनी स्वतःच्या घराचा खरा पत्ता जगात कुणाला दिलेला नाही. त्यांचं पार्सल निडी स्टेशनजवळच्या सलूनमध्ये येतं, लग्नपत्रिका पेणला आमच्या ऑफिसात येतात. सख्ख्या आईलासुद्धा स्वतःचा नंबर म्हणून त्यांनी ऑफिसचाच फोन दिलाय! विचारलं तर म्हणतात, "पत्ता एक द्यायचा, माल दुसरीकडं ठेवायचा. आपला सर्व्हर दुसरं काय करतो?"

तेही खरंच. आम्ही गणपती कारखान्यांच्या वेबसाईट बनवतो. गिऱ्हाईक वेबसाईटच्या पत्त्यातल्या 'मूर्ती' या रस्त्यावर फोटो मागतं आणि फोटो असतात भलत्याच डिस्कवर, सात फोल्डरांच्या आत. या नावाने मागितलं की तिथलं द्यायचं, अशी एक ओळ सर्व्हरच्या सेटिंगमध्ये लिहावी लागते. या ओळी म्हणजे मोकलांचं राज्य. मी नुसतं डोकावलं तरी, "काय गो, तुझ्या बापाचा सर्व्हर हाय काय?" गोड शब्द म्हणून बोलायचा नाही माणूस. मी एकदा हौसेने चहा करून दिला, तर घोट घेऊन म्हणाले, "साखर महाग झाली वाटतं."

गेल्या महिन्यात ते एक दिवस कामाला रोह्याला गेले, तेवढ्यात शेठ मला म्हणाले, "सगळं नव्या सर्व्हरवर हलवून टाक. मोकल असले तर हलवू द्यायचे नाहीत." जुनं मशीन संध्याकाळी भंगारात जाणार होतं. मी एकेक ओळ उतरवत गेले. एक होती 'बाळू'. वेबसाईटच्या कुठल्याच पानावरून तिकडे जाता येत नव्हतं. जुना कचरा असेल म्हणून मी ती सोडून दिली.

दुपारी पावणेएकला नव्या सर्व्हरच्या नोंदीत उमटलं, कुणीतरी 'बाळू' मागतंय. सापडलं नाही. पुन्हा मागितलं. पुन्हा. थांबेचना! जुन्या नोंदी उघडल्या, तर रोज, बरोब्बर पावणेएकला, गेली तीन-चार वर्षं तेच. मी जुन्या मशीनवर ते फोल्डर शोधून काढलं. आत नुसते आवाज भरलेले. शेवटची फाईल कालची. मी हेडफोन लावला.

"आये, जेवलीस काय? गोळ्या घेतल्यास? मी बरा हाय हिकडं."

मी हेडफोन टेबलावर फेकला. हा बाळूचा आवाज! मोकलांचा धाकटा भाऊ. डबा विसरला की घेऊन यायचा, दारातूनच हाक मारायचा. पनवेलला तापाने गेला, त्याला चार वर्षं झाली. दहाव्याला आम्ही ऑफिसातले सगळे होतो. मग काल कोण बोललं?

तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. देवा रे!

"नान्या हाय काय?" मोकलांची आई, शेजारणीच्या फोनवरून. नान्या म्हणजे आमचे मोकल. "माझ्या मोबाईलात बाळू आज बोलत नाय. कवापास्नं बटण दाबते मी."

"आजी," मी म्हटलं, "बाळू तर..."

"म्हायत हाय गो मला. तो बाळू नाय, नान्या बोलतो त्याचा आवाज काढून. बाळू परदेशात गेला, असं सांगितलंन मला. डोळं गेलं माझं, पर घरातलं रडणं ऐकू येत नाय काय?"

"मग तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर बंद करंल. स्वतःच्या तोंडानं त्यानं मला कधी विचारलंय, जेवलीस काय म्हणून? घरी आला का गप. बाळू झाला का कसा मायेनं बोलतो! सुरू कर गो पोरी. नि त्याला सांगू नको."

मला रडू आवरेना. फोन तसाच खांद्यावर दाबून धरला, फोल्डर नव्या सर्व्हरवर आणलं, 'बाळू'ची ओळ लिहिली. "आता दाबा, आजी," म्हटलं.

फोनमधून तो आवाज आला. आता माहीत असूनही मला क्षणभर बाळूच वाटला, इतका हुबेहूब. "आये, जेवलीस काय?"

"जेवले रे, नान्या," म्हातारी त्याला हळूच म्हणाली. "तू जेवलास काय?"