आप्पा अस्वलांची वायव्येची खोली

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी आणि प्लॉट जास्त झाले होते. तिथे अस्वलांचा एक बंगला होता. बंगला चांगला होता. फक्त त्यात राहणाऱ्यांना तो तसा वाटेनासा झाला होता. शेजारच्या साळूबाई साळिंदरिणीने घराचं नूतनीकरण केलं आणि इकडच्या अस्वलांना आपला बंगला एका दिवसात जुना दिसू लागला.

बंगल्यात म्हातारे आप्पा, त्यांचा मुलगा झिपरू, सून मधुमती आणि नातू गब्बू राहत. झिपरूने नूतनीकरणाचं कंत्राट वाळवीला दिलं, कारण लाकूडकामात तिच्याइतका दांडगा अनुभव जंगलात कुणाचाच नव्हता. आणि कुणाची खोली कुठे हे ठरवायला दिवाभीतशास्त्री नावाचं घुबड बोलावलं.

शास्त्री भर दुपारी आले. दुपारी घुबडाला दिसत नाही हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. पण मोठ्या तज्ज्ञांना दिसण्याची गरज नसते. ते भिंतींवर आपटत आपटत सगळं घर फिरले आणि म्हणाले, "दिशा सगळ्या चुकल्यात."

नैऋत्येला कर्त्याची खोली हवी, म्हणून गब्बूची खोली झिपरूला गेली. ईशान्येला अभ्यास चांगला होतो, म्हणून झिपरूची गब्बूला आली. गब्बू अजून शाळेतच जात नव्हता, पण दिशा तयार असलेली बरी. मधुमतीला कपड्यांसाठी एक अख्खी खोली हवी होती. अंगावरच्या केसाळ कोटाखेरीज तिच्याकडे दुसरा कपडा नव्हता, तरी तो काढला तर ठेवायचा कुठे, हा प्रश्न होताच. आणि वायव्येला पाहुण्यांची खोली करायची ठरलं. वायव्येला वारा फार, तिथे पाहुणा टिकत नाही, असं शास्त्र सांगतं.

आता वायव्येला आप्पा राहत होते.

आप्पांच्या त्या खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर मोहाचं झाड होतं. ते झाड त्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून लावलं होतं. ती गेल्यापासून आप्पा त्या खोलीत एकटे झोपत. मोह फुलला की पहाटे फुलं टपटप पडायची, त्या आवाजाने त्यांना जाग यायची. म्हाताऱ्याला जगात आणखी काही नको होतं.

सगळ्यांचं मत घ्यायचं म्हणून रविवारी बैठक भरली. अस्वलांची जात मोठी संस्कारी. मला अमुक हवं असं सरळ म्हणणं त्यांच्यात वाईट दिसतं. झिपरू म्हणाला, त्याला कुठलीही खोली चालेल, पण शास्त्र मोडायला नको. मधुमती म्हणाली, तिला तर काहीच नको, पण उद्या सिंहमहाराज अचानक आले तर त्यांना झोपवायचं कुठे? महाराज आले तर आधी झोपतील की आधी जेवतील, हे कुणी विचारलं नाही.

मग सगळे आप्पांकडे वळले. 'माझी खोली मला राहू द्या' हे वाक्य आप्पांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडाला जन्मभराची सवय.

"माझं काय, मला कुठेही चालतं," आप्पा म्हणाले आणि वाट बघू लागले.

कारण बाळांनो, रीत अशी आहे की थोरल्याने असं म्हटलं की धाकट्यांनी 'छे छे, असं कसं' म्हणायचं. त्याने पुन्हा नाही म्हणायचं, यांनी पुन्हा आग्रह करायचा, आणि शेवटी त्याने नाइलाज झाल्यासारखं करून हवं ते घ्यायचं. आप्पा वाट बघत राहिले. मधुमतीने झिपरूकडे पाहिलं.

"बघा, आप्पा किती समजूतदार आहेत," ती म्हणाली.

आप्पांचा दिवाण हॉलमध्ये आला. रात्री मालिका संपेपर्यंत त्यांना आडवं होता येईना आणि सकाळी दूधवाल्यापासून रद्दीवाल्यापर्यंत सगळे त्यांच्या पायथ्याशी बसून जाऊ लागले. तेही त्यांनी सोसलं. मग मोह फुलला. एका पहाटे त्यांनी वायव्येच्या खोलीची किल्ली मागितली. झोपायला नको, नुसतं खिडकीशी बसायला. मधुमती म्हणाली, पलंगावर नवी चादर घातली आहे, चुरगळेल. महाराज कधी येतील याचा काय नेम.

त्या दिवशी आप्पांना रडू आलं. म्हातारं अस्वल हॉलमध्ये रडूही शकत नाही, येणारे-जाणारे बघतात. त्यांनी पिशवी भरली आणि डोंगरापलीकडे बहिणीकडे गेले.

बहिणीने पाय धुवायला गरम पाणी दिलं. मऊ अंथरूण घातलं. दुसऱ्या दिवशी आप्पा रीतीप्रमाणे म्हणाले, "निघतो आता." बहीण रीतीप्रमाणे म्हणाली, "असं कसं? राहा की अजून." आप्पा तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना सगळं शास्त्र एकदम कळलं.

एका संध्याकाळी, साळूबाई कुंपणाशी उभी असताना, आप्पांनी बंगल्याची बेल वाजवली. हातात पिशवी आणि गब्बूसाठी मधाचं पोळं.

"इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं," ते म्हणाले.

साळूबाईचे काटे आणि कान एकदमच उभे राहिले. "पाहुणे आले वाटतं?" तिने विचारलं. "बघू या तरी तुमची ती पाहुण्यांची खोली."

झालं. गूळपाणी आलं, किल्ली आली, चादर चुरगळली. पहाटे मोहाची फुलं टपटप पडली आणि म्हातारा अंथरुणात पडल्या पडल्या हसला.

तेव्हापासून रोज सकाळी, साळूबाई झाडांना पाणी घालायला आली की, आप्पा पिशवी घेऊन दारात येतात आणि म्हणतात, "निघतो आता." मधुमती कुंपणाकडे एक नजर टाकते आणि दातओठ खात म्हणते, "असं कसं? राहा की अजून." घरातले आता त्यांच्याशी अदबीने बोलतात. पाहुणा टिकतो कसा, हे विचारायला झिपरू शास्त्र्यांकडे गेला होता. शास्त्री म्हणाले, वारा पडला असेल.

फक्त गब्बूचा गोंधळ झाला. पोळं चाटता चाटता एकदा त्याने विचारलं, "तुम्ही पाहुणे ना? मग आपले आप्पा कधी येणार?"

आप्पांनी खिडकीबाहेरच्या मोहाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्यांना खोली मिळाली की येतील."

तात्पर्य : मनातलं स्पष्ट बोलावं, भीड ही भिकेची बहीण, असं काही तुम्ही शिकला असाल तर विसरा. भीड जरूर धरावी, 'माझं काय' असंही खुशाल म्हणावं. फक्त ते दुसऱ्याच्या घरी म्हणावं. आपल्या घरी लोक ते खरं मानतात.