गल्लीतला एकमेव मतदार

पंतप्रधानांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला. त्यांची प्रकृती ठणठणीत होती, बिघडली होती ती पक्षाची. नवा पंतप्रधान पक्षाचे नोंदणीकृत सदस्य टपालाने मत देऊन निवडतील, असं जाहीर झालं. आमच्या गल्लीत दोनशे बारा प्रौढ माणसं राहतात. त्यांत असा सदस्य एकच निघाला, तो म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे काका.

काका पक्षात शिरले ते बिलियर्डसाठी. पक्ष कार्यालयाच्या मागच्या खोलीत गावातलं एकमेव धड टेबल आहे आणि ते सदस्यांसाठी राखीव आहे. पक्षाचं धोरण काय, असं कुणी विचारलं की काका प्रामाणिकपणे सांगत, "सहानंतर टेबल रिकामं असतं."

उमेदवार दोन होते. छाटणीवाले लहान टपाल कार्यालयं बंद करणार होते, राखणीवाले ती चालू ठेवणार होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असंच एक कार्यालय आहे. तिथल्या बाई एकट्याच तिकिटं विकतात, शिक्के मारतात आणि म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतात. तेवीस वर्षांत त्यांनी एकही निवडणूक चुकवलेली नाही. एकदा तर अंगात ताप असताना रांगेत उभ्या होत्या. आता त्यांची नोकरी ज्या मतावर राहणार किंवा जाणार होती, ते मत त्यांना देता येणार नव्हतं. नियमानुसार त्यांना ते फक्त पोहोचवता येणार होतं.

"सर, ही लोकशाहीच ना?" त्यांनी नागरिकशास्त्राच्या निवृत्त सरांना खिडकीतून विचारलं.

"शंभर टक्के. तीही संसदीय," सर म्हणाले. "आपण पंतप्रधान निवडतच नाही, बाई. आपण खासदार निवडतो. खासदारांचा ज्याच्यावर विश्वास, तो पंतप्रधान."

"मग खासदार सध्या काय करताहेत?"

"विश्वास कोणावर आहे ते कळण्याची वाट बघताहेत."

"ते त्यांना कोण कळवणार?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "घड्याळकाका," ते म्हणाले, आणि उगीचच दोन तिकिटं विकत घेऊन घरी गेले.

मतपत्रिका आली तशी काकांच्या दुकानात रीघ लागली. चांगली चालणारी घड्याळंसुद्धा लोक दुरुस्तीला आणू लागले. कोणाला राखणी हवी होती, कोणाला नुसतीच मतपत्रिका बघायची होती. काका मेटाकुटीला आले. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली: 'मतदारास भेटण्याची वेळ चार ते पाच. गल्लीने एकच प्रतिनिधी पाठवावा.' मागणी रास्त होती.

प्रतिनिधी निवडायचा म्हणजे मतदान आलं. सगळ्यांनाच मत देऊ द्या, असं बाई म्हणाल्या. पण सगळ्यांना म्हणजे भाडेकरूंनाही, आणि मग याद्या कोण करणार, असा पेच निघाला. टेलरमास्तरांनी तो सोडवला. गल्ली समितीच्या सदस्यांनीच निवड करावी, कारण त्यांचा प्रश्नांचा अभ्यास असतो, असं त्यांनी सुचवलं. ही समिती सहा वर्षांपूर्वी एका तुंबलेल्या गटारासाठी स्थापन झाली होती. गटार मोकळं झालं, समिती राहिली. नव्या सदस्याला मताधिकारासाठी तीन महिने थांबावं लागतं. बाईंनी लगेच अर्ज केला आणि तो रीतसर पोचपावती देऊन स्वीकारण्यात आला.

समितीचे सदस्य चार. त्यांपैकी सर त्या दिवशी झोपले होते. उरलेल्या तिघांनी, म्हणजे टेलरमास्तर, त्यांची बायको आणि मेहुणा यांनी, चुरशीच्या चर्चेनंतर टेलरमास्तरांना एकमताने निवडलं. मास्तरांचं दुकान पोस्टाच्या भिंतीला लागून आहे आणि कपडे घालून बघायला त्यांना कधीपासून एक जादा खोली हवी आहे.

"गल्लीचं म्हणणं काय?" काकांनी बरोबर चार वाजता विचारलं.

"छाटणी. आपली गल्ली पुढारलेल्या विचारांची आहे, काका."

"सगळ्यांचं हेच म्हणणं?"

"मी काय माझ्या मनचं बोलतोय? मी प्रतिनिधी आहे."

काकांना पटलं. त्यांनी फुली मारली, पाकीट चिकटवलं आणि पोस्टाच्या खिडकीवर आणून दिलं.

"तुमचं काही म्हणणं होतं का हो, बाई?" त्यांनी विचारलं.

"होतं ना. पण तुमची वेळ चार ते पाच, आणि मला पाचपर्यंत खिडकी सोडता येत नाही."

पहिला शिक्का पुसट उमटला, म्हणून बाईंनी तो पुन्हा, नीट दाबून मारला. मला फार वाईट वाटलं. मी रांगेत काकांच्या मागेच उभा होतो.

छाटणीवाले निवडून आले. खासदारांचा त्यांच्यावर पहिल्यापासूनच विश्वास होता, असं त्याच दुपारी उघड झालं. पोस्ट महिनाअखेर बंद करण्याचा हुकूम आला तेव्हा मात्र गल्ली पेटून उठली. आम्हाला कोणी विचारलं, असं जो तो ज्याला त्याला विचारू लागला.

हुकुमावर हरकत घेण्याची सोय आहे. रविवारी सकाळी दहा वाजता सुनावणी आहे आणि किमान पन्नास नागरिक प्रत्यक्ष हजर राहिले, तर फेरविचार होतो. बाईंनी स्वतः घरोघर पत्रकं टाकली आहेत. रविवारी मी जरा उशिरा उठतो, त्यामुळे मला जमणार नाही. पण आपण इथवर वाचलंत, म्हणजे आपल्याला लोकशाहीची चाड आहे. आपण जालच. पन्नासात मी आपल्याला धरलं आहे, आणि बाईंनाही तसं सांगून टाकलं आहे.