विहीणबाईंचा डबा

आमच्या इमारतीतल्या कुंदाकाकूंकडे गेलेलं भांडं कधी रिकामं परत येत नाही. ही रीत घरोघरी असते, पण काकूंनी तिचा कायदा करून टाकलाय. माझं खाली झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा मी त्यांना एका कागदाची प्रत तशीच काढून दिली, तर संध्याकाळी वाटीभर दडपे पोहे घेऊन हजर. "उपकार नकोत, संजय. अदलाबदल!"

त्यामुळे मागे त्यांनी माझ्याकडून एक सूचना टाइप करून घेतली, तीही याच धर्तीची होती. 'डच बोलणारी व्यक्ती हवी. बदल्यात इंग्रजी शिकवले जाईल. चहा एकदाच मिळेल.'

"काकू, कसबा पेठेत डच कशाला?"

"विहिणीशी बोलायला."

काकूंचा एकुलता एक निरंजन नेदरलँड्सला असतो. तिथल्याच मुलीशी त्याचं लग्न झालं. काकूंचं नेमकं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून त्यांनी लग्न मोबाईलवर पाहिलं. विहीणबाई योहाना निरंजनच्याच गावात एकट्या राहतात आणि त्यांचं इंग्रजी बेताचंच. काकूंनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण डचच्या नावानं शून्य. दोन वर्षांत दोघींनी एकमेकींना फक्त हात हलवले होते. निरंजनला मध्ये घ्यायचं म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "बायकांच्या बोलण्यात दुभाषा नको."

सूचना वाचून आधी हिंजवडीचा एक मुलगा आला. "काकू, ॲक्च्युअली माझं डच बेसिक आहे, पण आय कॅन मॅनेज." काकूंनी त्याला मॅनेज करू दिलं नाही. त्याला मोबाईलवर शिकलेले सफरचंद, घोडा आणि छत्री एवढेच शब्द येत होते.

"विहिणीशी मी घोड्याबद्दल बोलू?"

मग तांबट आळीत तांब्याचं काम शिकायला आलेली एक डच मुलगी आली. फार गोड पोरगी, नुसत्या हौसेनं शिकवायला तयार. पण तिचं इंग्रजी काकूंपेक्षाही सफाईदार निघालं आणि काकू हिरमुसल्या. "हिला मी काय देणार?" तिला विचारून एकच डच वाक्य देवनागरीत उतरवून घेतलं आणि लाडवांचा पुडा देऊन तिला निरोप दिला.

मला राहवलं नाही. "काकू, डच येणारी आणि इंग्रजी कच्चं असलेली एक बाई तुमच्या नात्यातच आहे की! योहानाबाई."

काकू ताठ झाल्या. "मी मुलाची आई आहे. आधी त्यांनी फोन करायचा."

"अहो, त्यांना बिचाऱ्यांना हे कुठून माहीत असणार?"

"मग बसू दे."

विषय तिथेच संपला असता. पण मला त्यांच्या कपाटावर बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा दिसला. लग्नानंतर योहानाबाईंनी निरंजनबरोबर पाठवलेला. रिकामा, पण पुसून लख्ख.

"काकू, हा दोन वर्षं परत गेला नाही?"

काकूंचा चेहरा पडला.

"मग आता पाळी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू इरकली नेसून दुकानात आल्या. माझ्याकडचं नेट बरं चालतं म्हणून. योहानाबाई पडद्यावर आल्या, ओल्या केसांनी, गोंधळून हसत. काकूंनी कागद समोर धरला आणि ते एकुलतं एक वाक्य वाचलं. मला वाटलं, नमस्कार-चमत्कार असेल. पण योहानाबाईंचं हसू थांबलं. त्यांनी कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन शब्द शोधत सांगितलं, "निरंजन... गुड. एव्हरी संडे, माय हाऊस." आणि दोन बोटं वर केली. "टू प्लेट्स!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"काय विचारलंत हो?" फोन झाल्यावर मी म्हटलं.

"तो नीट जेवतो का, एवढंच. मला तो सगळ्यालाच 'हो' म्हणतो रे. खरं काय ते समोर बसून बघणाऱ्या माणसालाच कळतं."

आता दर मंगळवारी दोघींची अर्धा तास शिकवणी असते. अर्धा वेळ इंग्रजी, अर्धा वेळ डच. मिनिटाची फसवाफसवी नाही.

काल काकू तो निळा डबा पार्सलसाठी बांधून घ्यायला आल्या. आत चकल्या खच्चून भरल्या होत्या. वर शाळेतल्या वळणदार अक्षरात, सोप्या इंग्रजीत एक सूचना होती. तिचा मराठीत अर्थ असा:

'डबा रिकामा पाठवू नये. निरंजनचा जेवतानाचा एक फोटो चालेल.'