वरच्या पातळीचे शेवटचे तीन

"या वेळी कुण्णाला म्हणजे कुण्णाला पत्ता लागणार नाही!" आर्लिस ब्रेक्केने तळघरातल्या फ्रीझरला बजावलं. फ्रीझरमध्ये नवऱ्याने मारलेलं हरीण तुकड्यातुकड्यांनी गोठून पडलं होतं. गुपित ठेवायला त्याच्याइतकं भरवशाचं मिनेसोटातल्या त्या गावात दुसरं कोणी नव्हतं.

हे शहाणपण तिला ठेच लागून आलं होतं. पाच वर्षांपूर्वी इतिहासाची परीक्षा देणार असल्याचं ती चर्चमध्ये बोलून बसली. रविवारी पास्टरनी सगळ्यांसमोर तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि ती नापास झाली! मग सहानुभूती सुरू झाली. त्या भागात सहानुभूती तोंडाने सांगत नाहीत. खिमा, डब्यातलं मशरूमचं सूप आणि वर बटाट्याचे गोळे, असं सगळं भाजून हॉटडिश करतात आणि मुकाट्याने दारात ठेवून जातात. आर्लिस आणि तिचा नवरा वर्लिन, दोघांनी मिळून ती नापासी सात आठवडे खाल्ली. त्यानंतर आर्लिसने शिक्षण सोडलं, असा वर्लिनचा पक्का समज होता.

सोडलं कुठलं! पदवीचे क्रेडिट ती गोधडीसारखे जोडत होती. एक तुकडा तरुणपणी अर्धवट टाकलेल्या कॉलेजचा, एक रात्रीच्या वर्गांचा, आणि बाकीचे, वर्गात पाऊल न टाकता नुसती परीक्षा देऊन मिळवलेले. हवे होते एकशेवीस; झाले होते एकशेसतरा. पण उरलेले तीन वरच्या पातळीचेच पाहिजेत, तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या तोडीचे, असं कॉलेजने बजावलं होतं. खालच्या पातळीचे पोत्याने आणलेत तरी चालणार नाहीत! आणि तेही मेअखेर. कारण ती ज्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं रक्त तपासत होती, तिथली मुख्य बाई जूनमध्ये निवृत्त होणार होती. ती जागा पदवीधरालाच मिळायची. नाहीतर कोणीतरी बाहेरून येणार, आणि रक्ताची नळी कुठल्या हाताने धरायची हे आर्लिसने त्याला शिकवायचं, वर त्यालाच साहेब म्हणायचं!

एकाच परीक्षेत वरच्या पातळीचे तीन क्रेडिट देणारे विषय थोडे होते. त्यातला तिला झेपण्यासारखा एकच: अमली पदार्थ आणि व्यसनं. रविवारी कॉफीचा दुसरा कप, यापलीकडे आर्लिसचा नशेशी संबंध नव्हता. पण रसायनं तिला कळत होती.

अडचण एकच होती. पाढे पाठ करावेत तसं मोठ्याने म्हटल्याशिवाय तिच्या डोक्यात काही राहत नसे.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी वर्लिन हरणाचा तुकडा आणायला तळघराच्या पायऱ्या उतरू लागला. वर्लिन रस्त्यांवरचा बर्फ काढायचा. दिवसभर यंत्राच्या घरघरीत बसून त्याला कमी ऐकू येईल असं कोणालाही वाटलं असतं. पण त्याला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"कोकेनची धुंदी लवकर उतरते," फ्रीझरमागून बायको म्हणत होती. "हेरॉइन सुटताना नाक गळतं, जांभया येतात, अंग ठणकतं..."

वर्लिन हरीण न घेताच वर आला.

सकाळी आर्लिसचं नाक गळत होतं. बर्फ वितळला की तिचं नाक दर वर्षी गळायचं, पण आता ते कोण लक्षात घेतो?

"बरी आहेस ना?" त्याने घाबरत विचारलं.

आदल्या रात्री सराव परीक्षेत तिला भरघोस मार्क पडले होते. "एकदम मस्त!" ती म्हणाली.

झालं! वर्लिनच्या हातातला टोस्ट गळून पडला. त्या गावात माणूस लॉटरी जिंकला तरी "वाईट नाही" यापुढे जात नसे. "मस्त" म्हणणारा माणूस शुद्धीवर असूच शकत नव्हता!

तरी त्याने धीर करून एकदा तिलाच विचारायचं ठरवलं.

"आर्लिस, तू तळघरात काय करतेस ते मला कळलंय."

आर्लिस दचकली, मग हलकी झाली. "कळलं? बरं झालं बाई! पण कोणाला बोलू नकोस हं."

"पण तू सोडलं होतंस ना?"

"छे! कधीच नाही. तुला सांगितलं नाही इतकंच."

"किती... किती घेतलेस आजवर?"

"शंभराच्या वर," आर्लिस अभिमानाने म्हणाली. "पण ते बरेचसे खालच्या पातळीचे. आता वरच्या पातळीचं पाहिजे, खालच्याने भागत नाही."

वर्लिनने टेबल घट्ट धरलं. "हे... थांबणार कधी?"

"शनिवारी शेवटचं. मग बास!"

"सगळे असंच म्हणतात गं!" वर्लिन हुंदका गिळत म्हणाला आणि बर्फ नसतानाही बर्फ काढायला निघून गेला.

त्याने फक्त बहिणीला सांगितलं, तेही शपथ घालून. बहीण मार्वा शपथेला जागणारी बाई. तिने फक्त पास्टरना सांगितलं. पास्टरनी नाव न घेता फोनवरची प्रार्थनेची साखळी सुरू केली: पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. "आपल्या चर्चमधली, प्रयोगशाळेत काम करणारी एक भगिनी," एवढंच. गावात प्रयोगशाळा एकच! साखळीचं दुसरं टोक येईपर्यंत ती भगिनी रुग्णालयातल्या बाटल्या पळवून तळघरातून विकत होती.

आर्लिसला चमत्कारिक अनुभव येऊ लागले. औषधाच्या दुकानात तिने नाकाची गोळी मागितली तर दुकानदाराने तिचा हात हातात घेऊन "हिंमत ठेवा" म्हटलं. आणि चर्चच्या गायकवृंदातल्या तीन बायकांनी तिला चक्क मिठ्या मारल्या. त्या गावात मिठी म्हणजे कोणीतरी गेल्याशिवाय नाही!

'फुटली बातमी परीक्षेची,' आर्लिसने ओळखलं. 'आणि मी नापास होणार असं आत्ताच धरून चाललेत मेले!' तिने आणखी जोराने घोकायला सुरुवात केली.

शनिवार उजाडला. परीक्षा घरूनच होती, संगणकावर. पडद्याच्या कोपऱ्यात देखरेख करणारी एक मुलगी दिसत होती. तिने आधी आर्लिसला कॅमेरा फिरवून अख्खी खोली दाखवायला लावली: पलंगाखाली, पडद्यामागे, कानामागेसुद्धा.

"खोलीत दुसरं कोणी आलं की परीक्षा थांबणार, बाई."

"कोणी येत नाही. नवऱ्याला दुपारपर्यंत बाहेर पाठवलंय."

शेवटचे चार प्रश्न उरले होते. उत्तरं भराभर सुचत होती. एवढ्यात दार उघडलं आणि वर्लिन आत आला. त्याच्या मागे पास्टर, त्यांच्या मागे मार्वा, आणि मार्वामागे अर्धा गायकवृंद. प्रत्येकाच्या हातात हॉटडिश!

"आर्लिस," पास्टर सद्गदित स्वरात म्हणाले, "आम्ही सगळे तुला मदत करायला आलोय."

"बाई!" पडद्यातली मुलगी किंचाळली. "मदत? किती जण आहेत हे?"

"हा आवाज कोणाचा?" वर्लिन ओरडला. "हीच का गं तुला माल पुरवते?"

"कसला माल? परीक्षा आहे माझी! पदवीची! तीन क्रेडिट उरलेत, वरच्या पातळीचे!"

कोणाच्या तरी हॉटडिशमधून एक बटाट्याचा गोळा टपकन खाली पडला. मार्वा पुढे होऊन पडद्यावरचा प्रश्न वाचू लागली. चार दिवसांत तिने व्यसनावरची मिळतील ती पत्रकं वाचून काढली होती.

"अगं, हे तर सोप्पंय! याचं उत्तर..."

पास्टरनी तिच्या तोंडावर हात दाबला. एवढ्या वर्षांत कोणाचं तोंड बंद करण्यात त्यांना प्रथमच यश आलं होतं.

"परीक्षा थांबली," मुलगी म्हणाली. आर्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून गायकवृंद रडू लागला, वर्लिन सगळ्यांत वरच्या पट्टीत. मुलीने कपाळाला हात लावला. "थांबण्याचं कारण निवडायचंय मला. वीज गेली, आग लागली, कुत्रा आत आला... यात 'चर्च आत आलं' असं काही नाहीये." तिने एक खूण केली. "नैसर्गिक आपत्ती लिहिते. म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा बसता येईल."

पुढच्या शनिवारी पास्टर स्वतः दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आर्लिस पास झाली आणि जूनमध्ये मुख्य बाईच्या खुर्चीत बसली. आठवडाभर ब्रेक्केंच्या घरी पुन्हा हॉटडिश होतं, पण या वेळी ते घशाखाली सहज उतरलं.

वर्लिननेही बायकोच्या काळजीपोटी त्या विषयातलं इतकं वाचलं होतं की, वाया कशाला घालवा, म्हणून तोही परीक्षेला बसला. आयुष्यात कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या वर्लिनकडे आता तीन क्रेडिट आहेत. तिन्ही वरच्या पातळीचे. खालचा एकही नाही! पाया नाही, भिंती नाहीत, कळस तेवढा चढवून ठेवलाय. "अवघड काम तर उरकलं," असं तो बर्फ काढता काढता लोकांना सांगतो.

त्याला आर्लिसपेक्षा चार मार्क जास्त पडले, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी मार्वा मुद्दाम तिलाच विचारते, "काय गं, आमच्या वर्लिनला कसे काय पडले मार्क?"

आर्लिस कॉफीचा दुसरा कप ओतून घेते.

"वाईट नाही," ती म्हणते.