बदामाच्या जागी अण्णा

विनापरवाना झाड तोडणाऱ्यानं, नवं रोप आपल्या खांद्याला लागेपर्यंत, झाडाच्या जागी उभं राहायचं, असा आमच्या नगरपालिकेचा नियम आहे; त्याप्रमाणे शेजारचे शेडबाळे अण्णा गेल्या आषाढापासून बदामाच्या जागी उभे आहेत. हात पसरून, कारण नियमात फांद्याही येतात.

तक्रार मीच केली. बदाम त्यांच्या अंगणातला, पण सावली माझ्या पायरीवर पडायची. आमचे हे गेल्यापासून दुपारचं बोलायला मला तेवढाच होता. अण्णांना मात्र पानांचा राग. "तुमच्या बदामानं गटार तुंबलं, वहिनी!" भांडताना झाड माझं, एरवी त्यांचं. मी पुण्याला लेकीकडे गेले आणि परत येऊन बघते तर पायरीवर रणरणतं ऊन. बाई गं, तशीच पिशवी घेऊन नगरपालिकेत गेले.

वृक्ष निरीक्षक मुजावर साहेब आले. त्यांनी खुंट उपटवला, अण्णांना चपला काढायला लावल्या आणि तिथं उभं केलं. पायाशी बदामाचं रोप लावलं.

"पाणी तक्रारदारानं घालायचं," ते मला म्हणाले. "दोघांनाही."

"आणि जेवण?"

"झाडाच्या जेवणाबद्दल नियमात काही नाही."

म्हणजे तेही माझ्याच गळ्यात! हात पसरलेल्या माणसाला घास भरवावा लागतो. मी रागारागानं भरवला.

"मीठ कमी आहे," अण्णा म्हणाले.

"झाडं बोलत नाहीत."

"बदामाशी तर रोज बोलायचात. भिंतीपलीकडून ऐकायचो मी."

दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवलं.

अण्णांची बायको कधीच गेली. मुलगा बंगळुरात. खिशात फोन वाजला की मी त्यांच्या कानाला लावते. "मजेत आहे, अंगणात आहे," एवढंच सांगतात. मग आमच्या गप्पा. दुपारी सावली माझ्या पायरीवर येते. बदामाएवढी नाही, पण मला पुरते.

मेलं रोप मात्र जोमानं वाढायला लागलं. ते खांद्याला लागलं की अण्णा घरात जाणार, दार लावून घेणार, आणि मी पुन्हा भिंतीशी बोलणार. मला ते सोसलं नसतं. म्हणून रोज सकाळी पाणी घालून झालं की मी शेंडा खुडायचे. अण्णा आभाळाकडे बघायचे.

मुजावर साहेबांनी येऊन रोपाला मापाची काठी लावली. "शेंडा कुणी खुडला?"

मी रिकाम्या बादलीत बघितलं.

"शेळीनं," अण्णा म्हणाले.

"कॉलनीत शेळी?"

"येते. सकाळी, पाणी घालून झालं की."

मी पदराला बोटं पुसली.

साहेबांनी दोघांभोवती बारीक जाळीचा पिंजरा बसवला. तोंडापाशी घास जाईल एवढी खिडकी ठेवली, कुलूप लावलं, किल्ली नेली. मग काय, रोप सुटलंच. कमरेला आलं, छातीला आलं.

"आता सुटलात तुम्ही," मी म्हटलं.

"हो."

"घरी जाऊन काय करणार?"

"टीव्ही आहे."

त्या संध्याकाळी पान खांद्याला टेकलं. साहेब सकाळी येणार होते. मी अण्णांच्या आवडीचे शेंगोळे केले, खिडकीतून भरवले. घरी येऊन मी ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

सकाळी साहेबांनी आधी कुलूप तपासलं. कुलूप शाबूत होतं. शेंडा नव्हता.

"शेळी पिंजऱ्यात शिरली?"

"शिरली असेल," अण्णा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पसरलेले होते. उजव्या अंगठ्याचं नख हिरवं झालं होतं.

साहेब त्या नखाकडे बराच वेळ बघत राहिले. मग काठी काखेत मारून म्हणाले, "पुढच्या वर्षी येतो."

मी बादली आणली. आधी रोपाला घातलं, मग अण्णांच्या पायांवर.

"काल मीठ बरोबर होतं का?" मी विचारलं.

"कमी होतं," अण्णा म्हणाले.